माटोळीखाली युक्रेन: मित्राच्या युद्धावरून घरात भांडण का लागतं?

नसलेला_भाटकार (पेडणे):

यंदा चवथीला आमच्या घरी गणपतीपेक्षा झेलेन्स्कीचं नाव जास्त वेळा घेतलं गेलं. थट्टा नाही.

पुतण्या ओहायोहून आला होता. बारा वर्षं तिथे आहे, आता तिथला नागरिक, मतही देतो. आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला बसलो. मी स्टुलावर, तो खालून कांगलां, आंबाडे, सुपारीचे घड हातात देतोय. तेवढ्यात टीव्हीवर अलास्कातल्या ट्रम्प-पुतिन भेटीचं काहीतरी पुन्हा दाखवलं. पुतण्या म्हणाला, "युक्रेनला आता एक डॉलर देता कामा नये." आमचे दादा, म्हणजे त्याचे वडील, लगेच खूश. ते १९६१ पासून रशियाच्या बाजूने आहेत. त्यांना वाटलं मुलगा मार्गावर आला. मग कळलं की मुलगा रशियाच्या बाजूनेही नाही, त्याला फक्त पैसे देणं बंद हवंय. झालं, दादा त्याच्यावरही घसरले. माझी मुलगी पुण्याहून आलेली, ती म्हणे दुसऱ्याच्या देशात रणगाडे घातले की बाजू घ्यायलाच हवी. ओवाळायला माणसं गोळा होईनात. शेवटी ही तबक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आधी ह्या देवाला ओवाळा, मग पुतिनला."

वर योगायोग असा की ज्या दिवशी मूर्ती बसली, त्याच दिवशी, २७ ऑगस्ट २०२५ ला, रशियाचं तेल घेतो म्हणून भारतावरचं अमेरिकेचं शुल्क ५० टक्क्यांवर गेलं. म्हणजे हे दूरचं भांडण म्हणायचीही सोय राहिली नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. मी थोडं वाचलं. मे २०२२ मध्ये युक्रेनसाठी ४० अब्ज डॉलरचं विधेयक आलं तेव्हा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ३६८ विरुद्ध ५७ मतं पडली. एप्रिल २०२४ मध्ये ६१ अब्जांच्या वेळी ३११ विरुद्ध ११२. हे ११२ सगळे रिपब्लिकन, आणि त्या पक्षाचे बाजूने फक्त १०१. सभागृह त्यांच्याच ताब्यात होतं बरं का. दोन वर्षांत आक्रमण करणारा तोच, मार खाणारा तोच. मग बदललं काय? मला संशय आहे की अशा फुटीत ते युद्ध नावालाच असतं. जाणकारांनी सांगावं.

रानमोगरी:

पातोळ्या घेऊन बसलेय. येऊ द्या.

फोंडा_ते_न्यूजर्सी:

संशय बरोबर आहे. इथे राहून बघितलंय म्हणून सांगतो.

२०२३ पर्यंत युक्रेनची मदत ही दोन्ही पक्षांची होती. मग ती सभापतीच्या खुर्चीत अडकली. ३ ऑक्टोबर २०२३ ला केविन मॅकार्थींना त्यांच्याच आठ माणसांनी विरोधकांबरोबर मत देऊन खाली खेचलं, २१६ विरुद्ध २१०. अमेरिकेच्या इतिहासात असा घालवलेला हा पहिलाच सभापती. त्याच्या तीन दिवस आधी सरकार चालू ठेवायला जे तात्पुरतं विधेयक झालं, त्यात युक्रेनचा पैसा वगळला होता, तरी ते वाचले नाहीत.

नंतर रिपब्लिकन म्हणाले, आधी आपली मेक्सिकोकडची सीमा सांभाळा, मग युक्रेनची. वाक्य चांगलं होतं, गावोगाव चाललं. मग सिनेटमध्ये दोन्ही पक्षांनी बसून सीमेचाच करार केला, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये तो त्यांनीच पाडला. कारण निवडणुकीच्या वर्षात सीमेचा प्रश्न सुटला तर प्रचार कशावर करायचा? पुढे नवे सभापती माइक जॉन्सननी एप्रिलमध्ये विरोधकांच्या मतांवर मदत मंजूर करून घेतली. त्यांनाही काढायचा ठराव आलाच, पण ३५९ विरुद्ध ४३ नी बाजूला ठेवला गेला. या सगळ्या महिन्यांत तिकडे तोफांना गोळे कमी पडत होते.

तुमच्या पुतण्याला विचारा, त्याच्या मनात युक्रेन आहे की सीमा.

लेखापाल_म्हापसा:

एक गोष्ट लोक कायम चुकवतात. ६१ अब्ज म्हणजे कीवला पाठवलेली नोटांची बॅग नव्हे. त्यातले जवळपास २३ अब्ज अमेरिकेनेच स्वतःची कोठारं परत भरायला ठेवले होते. म्हणजे जुना माल तिकडे द्यायचा आणि नवा आपल्याच कारखान्यात बनवायचा. १५५ मिलिमीटरचे गोळे पेनसिल्व्हेनियात स्क्रॅन्टनला बनतात, जॅव्हलिन क्षेपणास्त्रं अलाबामात ट्रॉयला. आता जे उपाध्यक्ष आहेत ते जे. डी. व्हान्स तेव्हा ओहायोचे सिनेटर होते, त्यांनी मदतीविरुद्ध मत दिलं, आणि अमेरिकेचे रणगाडे बनतात त्याच ओहायोत लायमा गावी.

आमच्या भाषेत सांगायचं तर जुनं भांडं शेजारणीला दिलं आणि त्या नावावर घरात नवं आणलं. जमाखर्च असा आहे.

माशेलचो_बोकडो:

शेजारणीला भांडं नाही, कोयता दिला. जमाखर्चात तेवढी ओळ घाला.

दर्यावर्दी_वास्को:

लेखापालांचा प्रतिसाद वाचून राग आला, खरं सांगतो. कारखान्याला काम मिळतं म्हणून युद्ध परवडतं, असा अर्थ निघतो त्यातून.

मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. फेब्रुवारी २०२२ ला आमची बल्क कॅरियर मका भरायला चोर्नोमोर्स्कला निघाली होती. बॉस्फोरस ओलांडून काळ्या समुद्रात आलो आणि २४ तारखेला पहाटे कंपनीचा निरोप आला: वळा, रोमानियात कॉन्स्टान्ट्साला जा. तिथे बाहेर अकरा दिवस नांगर टाकून होतो. कॅप्टन रशियन, नोवोरोसिस्कचा. चीफ इंजिनियर युक्रेनमधल्या ओडेसाचा. चार महिने दोघं रोज संध्याकाळी एका टेबलावर बुद्धिबळ खेळायचे, भाषाही एकच बोलायचे. २४ च्या संध्याकाळी इंजिनियर मेसमध्ये आलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून ब्रिज आणि इंजिन रूम यांच्यातलं सगळं बोलणं माझ्यामार्फत. एक माणूस दुसऱ्याला "आरपीएम कमी कर" म्हणणार तेही माझ्या इंग्रजीतून. आमचा कुक काणकोणचा, तो बिचारा बोर्श करू की नको म्हणून मला विचारायला आला, कारण ते सूप कुणाचं यावरही वाद होतो असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. शेवटी त्याने सोलकढी केली.

रानमोगरी:

दर्यावर्दी, त्या दोघांचं पुढे काय झालं?

इतिहासवेडा_मास्तर:

मूळ प्रश्नाकडे येतो. मित्राच्या युद्धावरून देश फुटल्याचं उदाहरण शोधायला अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्यावर ज्यांचं राज्य होतं त्यांचंच बघा.

पोर्तुगाल आणि इंग्लंड यांची मैत्री १३७३ च्या तहापासूनची. पहिलं महायुद्ध लागलं तेव्हा पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक येऊन चारच वर्षं झाली होती. अफोन्सु कोश्ता यांच्या पक्षाला युद्धात उतरायचं होतं. वरवर कारण मित्राला मदत, आतलं कारण नवं प्रजासत्ताक जगाच्या टेबलावर बसवायचं आणि देशात आपला पक्ष पक्का करायचा. फेब्रुवारी १९१६ मध्ये इंग्लंडच्या सांगण्यावरून पोर्तुगालने आपल्या बंदरांत अडकलेली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, आणि ९ मार्चला जर्मनीने युद्ध पुकारलं. मग 'पवित्र एकजूट' नावाचं सरकार बनलं. त्या एकजुटीत सगळे पक्षही आले नाहीत. डिसेंबर १९१६ मध्ये तर तोमार गावात सैन्यानेच बंड केलं, आणि त्याचा नेता माशादु सांतुश म्हणजे १९१० च्या प्रजासत्ताक क्रांतीचा नायक!

फ्लँडर्सच्या चिखलात ५० हजारांच्या वर शेतकऱ्यांची पोरं नेऊन उभी केली. घरी पावाचे वांधे. डिसेंबर १९१७ ला सिदोनियु पाइश यांनी सत्ता उलथवली. गंमत म्हणजे हे गृहस्थ युद्ध पुकारेपर्यंत बर्लिनला पोर्तुगालचे राजदूत होते. त्यांच्या काळात आघाडीवरच्या सैन्याला बदली माणसं मिळेनात, आणि ९ एप्रिल १९१८ ला लिशच्या लढाईत जर्मनांनी एका दिवसात पोर्तुगीज फळी मोडली. हजारो पोर्तुगीज सैनिक कैद झाले.

तेव्हा भाटकारांचा संशय शंभर वर्षं जुना आहे. मदतीच्या बाजूचे काय आणि विरुद्ध काय, दोघांचे डोळे लिस्बनच्या खुर्चीवर होते.

मुरगांवची_मेरी:

मास्तर, दुसऱ्या महायुद्धाचंही सांगा ना. तेव्हा पोर्तुगाल तटस्थ होता आणि आमच्या मुरगांव बंदरात एहरेनफेल्स वगैरे जर्मन जहाजं येऊन बसली होती. १९४३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून आलेल्या पोट सुटलेल्या इंग्रज साहेबांनी रात्री चढाई केली आणि जहाजं बुडाली. माझे आजोबा सांगायचे की गावात जर्मन खलाशी बाजार करायला यायचे.

इतिहासवेडा_मास्तर:

बरोबर, एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि एक इटालियन जहाज. तीही तारीख ९ मार्चच. मित्र इंग्लंड, पाहुणा जर्मन, आणि यजमान झोपेचं सोंग घेऊन. पोर्तुगालचा तेव्हाचा हुकूमशहा सालाझार, त्याला ते जमायचं.

सत्तरीतला:

अवांतर नाही, पण दादांच्या रशियाप्रेमाची कुणी चेष्टा करू नका. १८ डिसेंबर १९६१ ला आपलं सैन्य गोव्यात शिरलं आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत भारताने माघार घ्यावी असा ठराव आला. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी आणलेला. सात विरुद्ध चार. सोव्हिएत व्हेटो नसता तर तो मंजूर होता. त्याआधी डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालबरोबरच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा 'प्रांत' म्हणून टाकलं होतं. आमच्या घरात ते कात्रण अजून आहे.

तेव्हाही अमेरिकेत दोन तट होतेच. एकांना अझोर्स बेटांवरचा विमानतळ हवा, म्हणजे पोर्तुगाल सांभाळा. दुसऱ्यांना नेहरू हवे. आणि इंग्लंडने तर १३७३ पासूनच्या मित्राला विमानं उतरवायलाही जागा दिली नाही. नेटोचा करार युरोप, उत्तर अमेरिका आणि उत्तर अटलांटिकपुरता, त्यात गोवा कुठून येणार? सालाझार एकटा पडला. त्या दिवशी मित्राच्या युद्धात कुणी पडलं नाही म्हणून आपण सुटलो. हे मदतवाल्यांनी लक्षात ठेवावं.

कोलवाळची_सून:

दादांना सांगा, व्हेटो सोव्हिएत युनियनचा होता आणि युक्रेन तेव्हा त्यातच होतं :)

आणि सत्तरीतल्या दादांनो, १९६१ मधला सालाझार आणि आजचा झेलेन्स्की एकाच तागडीत? तिथे परका राज्यकर्ता साडेचारशे वर्षांनी जायला तयार नव्हता. इथे स्वतःच्या देशात बसलेल्यांवर शेजारी चालून आलाय. उलट तुलना करायची तर युक्रेन म्हणजे आपण.

सत्तरीतला:

तत्त्व म्हणून मान्य. पण इतिहासात मदत तत्त्वावर कमी आणि विमानतळावर जास्त मिळते.

मांद्रेची_कुमुद:

आम्ही मोरजीला खोल्या भाड्याने देतो. इथे निम्मे फलक रशियन भाषेत, हे तुम्हाला माहीतच. मार्च २०२२ मध्ये व्हिसा-मास्टरकार्डने रशियातला व्यवहार थांबवला आणि आमच्या पाहुण्यांची कार्डं एका दिवसात नुसती प्लास्टिक झाली. एका कुटुंबाने भाड्यापोटी ड्रोन ठेव म्हणून दिला होता. ड्रोन! मी घाबरून तांदळाच्या पिंपात ठेवला.

मला जे दिसलं ते असं: भांडण रशियन विरुद्ध युक्रेनियन कमी होतं. रशियन विरुद्ध रशियन जास्त. सप्टेंबर २०२२ ला तिकडे सैन्यभरती जाहीर झाली आणि त्या मोसमात तिशीतली बरीच पोरं आली, लॅपटॉप घेऊन. महिना-महिना राहायची. आणि जुने येणारे आजी-आजोबा त्यांच्याकडे बघून नाश्त्याचं टेबल बदलायचे. आजीने मला एकदा हातवारे करून सांगितलं की हा पळपुटा आहे, ह्याला चहा देऊ नको. मी दोघांनाही चहा दिला, पैसे दोघांकडूनही घेतले.

माशेलचो_बोकडो:

कुमुदताईंना परराष्ट्रमंत्री करा.

चिकित्सक_पर्वरी:

इथे सगळे 'युद्ध नावालाच असतं' यावर डुलतायत म्हणून उलट बाजू मांडतो. १९४१ चा लेंड-लीज कायदा घ्या, म्हणजे अमेरिकेने मित्रदेशांना शस्त्रं उसनी द्यायचा. रूझवेल्ट म्हणाले, शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आधी होसपाइपची किंमत विचारत बसत नाही. प्रतिनिधिगृहात २६० विरुद्ध १६५ मतं. विरोधात मुख्यतः रिपब्लिकन, आणि बाहेर लिंडबर्गसारखा विमानवीर 'अमेरिका फर्स्ट' म्हणत सभा घेतोय. त्यातल्या अनेकांनी पहिल्या महायुद्धात सैनिक पाठवून पस्तावलेला देश पाहिला होता. त्यांना खुर्चीसाठी बोलणारे म्हणणं अन्याय आहे. ते मनापासून बोलत होते, आणि चुकले. पर्ल हार्बर झाल्यावर त्याच आठवड्यात त्यांची समिती विसर्जित झाली.

म्हणजे मनापासूनचा विरोध आणि सोयीचा विरोध एकाच बाकावर बसतात. मतदानात दोन्ही सारखेच दिसतात, तिथे अडचण आहे.

फोंडा_ते_न्यूजर्सी:

हा प्रतिसाद आवडला. युरोपातही तसंच. हंगेरीच्या ओर्बाननी डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाचे युक्रेनसाठीचे ५० अब्ज युरो अडवले आणि १ फेब्रुवारीला सोडले, त्यात तत्त्व किती आणि ब्रसेल्सने त्यांचा रोखलेला पैसा किती, तुम्हीच ठरवा. पण पोलंडचा शेतकरी युक्रेनच्या स्वस्त धान्याविरुद्ध रस्त्यावर आला, त्याला मी सोयीचा म्हणणार नाही. त्याचा भाव पडला होता.

शेळपेकर_साधा:

भारताचं कोणी बोलेल का? १९८७ मध्ये शांतिसेना श्रीलंकेत गेली, सुमारे १२०० जवान गेले आपले. १९९० च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालाही गेले नाहीत, कारण तमिळांवरच चालवलेलं सैन्य असं त्यांच्या लोकांचं म्हणणं. जवानाची काय चूक होती? माझ्या आतेभावाच्या रेजिमेंटमधले गेलेत.

आणि २००३. अमेरिकेला इराकमध्ये आपलं सैन्य हवं होतं. त्याआधी एप्रिलमध्ये संसदेने ठराव केला तेव्हा हिंदीत 'निंदा' आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द, असा तोडगा काढून सगळे पक्ष एकत्र आले. जुलैत वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाशिवाय सैन्य देणार नाही असं सांगून टाकलं. फूट पडू द्यायची नसेल तर दोन भाषा उपयोगी पडतात!

ताळगांवचो_तान:

दोन भाषा उपयोगी पडतात असं गोव्यात म्हणताय? धाडस आहे.

रानमोगरी:

सुरू झालं. आता १९६७ येणार.

नसलेला_भाटकार:

येणारच! आमच्याच घरात जनमत कौलाला आजोबा महाराष्ट्रात विलीन व्हायच्या 'फुला'वर आणि आजी गुपचूप वेगळ्या गोव्याच्या 'दोन पानां'वर. ३४ हजार मतांनी विलीनीकरण पडलं तेव्हा आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, आणि आजीने तिसऱ्या दिवशी इसवण तळून मिटवलं. ती कुणाला मत देऊन आली हे तिने मरेपर्यंत कबूल केलं नाही.

संपादक_मंडळ:

भाषावाद, विलीनीकरण आणि पोर्तुगीज पासपोर्ट यांसाठी वेगळे धागे आहेत. तीन प्रतिसाद उडवले आहेत. मूळ विषयावर या.

कोळंबीवाला_मडगांव:

मूळ विषय म्हणजे माझं पोट. मी कोळंबी पाठवतो. अमेरिकेच्या शुल्कातून औषधांना वगळलं म्हणून वेर्ण्यातले कारखानदार निवांत आहेत, कोळंबीला कोण वगळतो? मला युक्रेनही कळत नाही आणि डॉनबासही. अमेरिकेच्या संसदेत मदतीवर एकमत होईना, म्हणून रशियावरचा दबाव माझ्या बर्फाच्या खोक्यातून द्यायचं ठरलं, एवढं कळतं. गेल्या आठवड्यात खरेदीदाराचा फोन आला, अर्धा वाटा तू सोस म्हणतो. मित्रदेश म्हणे.

चिकित्सक_पर्वरी:

तुमचं दुःख खरं, पण कारण तेवढं सरळ नाही. २५ टक्के तर तेलाआधीच लावले होते, व्यापाराच्या वाटाघाटीतून.

कोळंबीवाला_मडगांव:

खोक्याला फरक पडत नाही हो.

नसलेला_भाटकार:

सगळ्यांचे आभार. काल पुतण्याशी फोनवर बोललो. फोंड्याच्या भावाने सांगितलं तसं थेट विचारलं, युक्रेन की सीमा? तो म्हणाला, "काका, दोन्ही नाही. मी आलो त्या वर्षी आमच्या गावातला कारखाना बंद पडला. निम्मी गल्ली रिकामी झाली, शेजारच्याचं घर बँकेने घेतलं. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सगळे म्हणाले पैसा नाही. मग एका दुपारी ६१ अब्ज सापडले." मी लेखापालांचं ते स्क्रॅन्टनचं सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण स्क्रॅन्टन माझं गाव नाही."

मुलीला हे सांगितलं तर ती म्हणे, त्यात युक्रेनमधल्या माणसांचा काय दोष? दोघांचंही मला पटतं आणि दोघांनाही ते चालत नाही.

दादांना कोलवाळच्या वहिनींचा निरोप दिला, युक्रेनही सोव्हिएतमध्येच होतं म्हणून. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग अर्धा व्हेटो त्यांचा मानू." दादांनी ६४ वर्षांत दिलेली ही पहिली सवलत.

दर्यावर्दी_वास्को:

रानमोगरींनी विचारलं होतं, राहून गेलं. जहाजावर होतो, नेट नव्हतं.

चीफ इंजिनियर बारा दिवसांनी कॉन्स्टान्ट्सालाच उतरला. बायको आणि मुलगी बसने रोमानियाच्या हद्दीत आल्या होत्या, मुलगा ओडेसातच. उतरताना कॅप्टन केबिनमधून खाली आला आणि त्याची मोठी बॅग स्वतः उचलून गँगवेच्या टोकापर्यंत घेऊन गेला. एक शब्द नाही. इंजिनियरने बॅग घेतली, हात पुढे केला नाही, खाली उतरला. बुद्धिबळाचा पट मेसमध्येच राहिला. मी साइन ऑफ झालो तेव्हा, मे महिन्यात, तो तसाच मांडलेला होता. काळ्याची चाल होती.